इमारतीआधींची इमारत

इमारत पुरी झाली म्हणजे लोक तिचा घाट पाहतात, तिचा कळस पाहतात, दगडावरची घडाई पाहतात. तो कळस ज्या हातांनीं चढविला ते हात कशावर उभे होते, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. उभे वासे, आडवे वासे, सुंभाच्या गांठी आणि चार फळ्या. काम संपलें कीं सारें सोडून दुसरीकडे न्यावयाचें. ह्या तात्पुरत्या उभारणीला कोठें परांची म्हणतात, कोठें पहाड म्हणतात. तिची स्वतःची अशी एक हकीगत आहे, आणि ती वाटते तितकी क्षुल्लक नाहीं; कारण इमारत पुरी होण्यापूर्वींच जीं माणसें तिच्या पायीं प्राणास मुकलीं, त्यांतील पुष्कळांच्या मरणाचें मूळ ह्या तात्पुरत्या उभारणींतच सांपडतें.

देहूस इंद्रायणीच्या कांठीं गाथा मंदिर उभें आहे. तुकोबांचे अभंग संगमरवरी शिळांवर कोरून तेथील भिंतींना जडविले आहेत, आणि वारीला आलेला यात्रेकरू मान वर करून ते वाचीत फिरतो. अशी एकेक जड शिळा उंचावर नेऊन ओळंब्यांत बसवावयाची तर कारागिराच्या पायांखालीं परांची हवीच. आज तिचा मागमूस नाहीं, आणि तसें असणेंच योग्य. परंतु देहूच्या शिवेबाहेर थोडी नजर टाकली कीं चित्र पालटतें. तळवडे, चिखली, मोशी, इकडे किवळे आणि रावेत, सगळीकडे शेतांच्या जागीं उंच उंच इमारती चढत आहेत, आणि त्यांच्याभोंवतीं हिरवी जाळी पांघरलेल्या परांच्या आहेत. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. पुढें पिंपरी-चिंचवड आणि मागाहून चाकण येथें कारखाने आले, कारखान्यांमागून माणसें आलीं, आणि माणसांमागून घरें. हीं घरें बांधणारे मजूर बहुधा दूरदेशचे असतात. ज्या फळीवर त्यांनीं पाय ठेवावयाचा ती फळी कोणी, कोणत्या हिशेबानें टाकली, हें विचारण्याची सोय त्यांना क्वचितच असते.

परांचीची अडचण मुळांतच टाळण्याचा सर्वांत धाडसी उपाय वेरूळच्या कारागिरांनीं केला. तेथील कैलास लेणें राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळांतलें, म्हणजे आठव्या शतकांतलें. सुमारें १०० फूट खोलीपर्यंत डोंगर वरून खालीं कोरीत नेला. आधीं कळस, मग शिखर, मग मंडपाचें छत, आणि शेवटीं पायथ्याचे हत्ती. ज्या खडकावर कारागीर उभा राही तोच खडक त्याची परांची. एक थर घडवून झाला कीं पायाखालचा खडक फोडावा आणि एक टप्पा खालीं उतरावें. उभारावयाचें कांहीं नाहीं, तेव्हां कोसळावयाचेंहि कांहीं नाहीं. अजिंठ्यासहि लेणें छतापासून कोरावयास आरंभ करून जमिनीकडे येत. तेथील २४ व्या क्रमांकाचें अपुरें राहिलेलें लेणें पाहिलें म्हणजे ही रीत सहज ध्यानांत येते. अर्थात् ह्या युक्तीची किंमत मोठी होती. कळस घडवितांनाच पायथ्याच्या हत्तीची जागा मनांत पक्की असली पाहिजे. एकदां उडालेला टवका पुन्हा बसविण्याची सोय नाहीं.

पण डोंगर सगळीकडे नसतो. सपाटीवर चिऱ्यावर चिरा चढवावयाचा तर माणूसहि वर गेला पाहिजे आणि चिराहि. ह्यावरचा एक फार जुना उपाय मातीचा. भिंत जसजशी चढेल तसतसा तिच्याशीं मातीचा उतार चढवीत न्यावा, त्यावरून शिळा ओढाव्या, आणि काम पुरें झालें म्हणजे माती उपसून टाकावी. थोर शिळांच्या कित्येक देवळांच्या बाबतींत हीच रीत असावी असें पुष्कळ अभ्यासक मानतात. माती वांकत नाहीं, मोडत नाहीं. मात्र ती वाहून नेण्यास मनुष्यबळ अमाप लागतें. इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं मोठ्या चर्चवर घुमट चढवावयाची वेळ आली तेव्हां कोणीसें सुचविलें म्हणतात कीं, सारें चर्च मातीनें भरावें आणि त्या मातींत पैसे मिसळून ठेवावे, म्हणजे पुढें गांवचे लोकच पैशांच्या लोभानें माती फुकट उपसून नेतील! व्हासारी ह्या चरित्रकारानें दिलेली ही कथा खरी असो वा नसो, आधार कशाचा द्यावा ह्या प्रश्नानें लोक किती हैराण झाले होते तें तींतून कळतें. ब्रुनेलेस्की ह्या कारागिरानें माती नको आणि जमिनीपासून उभारलेला लांकडी सांचाहि नको असें ठरवून १४२० ते १४३६ ह्या काळांत तो घुमट पुरा केला. विटा त्यानें अशा गुंफल्या कीं प्रत्येक थर पुरा होतांच स्वतःला सांवरून धरी. कामकऱ्यांसाठीं होते ते घुमटाच्याच अंगांतून बाहेर काढलेल्या आधारांवरचे माचे.

ह्यानंतर सुमारें सव्वादोनशें वर्षांनीं विजापुरास ह्याच जातीचा पेंच उभा राहिला. महंमद आदिलशहा १६५६ सालीं वारला. त्याच्या कबरीवरचा गोल घुमट आंतून सुमारें १२४ फूट रुंद आहे. एवढ्या घुमटाखालीं लांकडी सांचा द्यावयाचा म्हणजे जमिनीपासून शंभर फुटांवर लांकडाचें एक अरण्यच चढवावें लागलें असतें. विजापूरच्या इमारतींचा बारकाईनें अभ्यास करणारे हेन्री कझिन्स यांचें मत असें कीं, शेंड्याजवळचा भाग सोडला तर येथें तसल्या सांच्याची जरुरी पडली नसावी. विटांचे आडवे थर जाड चुन्यांत, प्रत्येक थर किंचित् आंत सरकवीत, रचीत नेले. त्यापूर्वीं एकमेकींस छेदणाऱ्या कमानींनीं चौकोनी दालनाचा घेर वरच्या अंगास आंत आणून घेतला होता, म्हणून घुमटाला बसावयास पक्की बैठक मिळाली. घुमटाचा आकार सुंदर आहे खरा. पण तो डोळ्यांना सुंदर दिसावा एवढ्यासाठींच तसा नाहीं. तो चढवितां यावा म्हणूनहि तसा आहे.

मुंबईचें बोरीबंदरचें स्थानक हें त्या मानानें अगदीं अलीकडचें. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या देखरेखीखालीं १८७८ सालीं तें काम सुरू झालें आणि दहा वर्षें चाललें. त्याच्या मध्यभागचा आठ पाखांचा दगडी घुमट खालून सांचा न देतां, एकमेकींत अडकणाऱ्या फासळ्यांच्या आधारानें चढविला, आणि त्या काळीं त्याची मोठी नवलाई वाटली.

वेरूळ, फ्लॉरेन्स, विजापूर, मुंबई; काळ निराळे, धर्म निराळे, दगड-वीटहि निराळी. तरीहि एक गोष्ट चारी ठिकाणीं सारखी आहे. इमारत कशी असावी हें ज्यानें ठरविलें त्यानेंच ती कशाच्या आधारानें चढेल हेंहि ठरविलें. दोन्ही विचार एकाच डोक्यांत होते. परांचीच्या इतिहासांतील पुढची सारी अडचण हे दोन विचार वेगळे झाल्यामुळें उद्भवली आहे.

आधाराचा हिशेब आधीं कागदावर मांडण्याचें एक जुनें व ठळक उदाहरण रोममध्यें घडलें. तेथील सेंट पीटर चर्चजवळचा मिसरी स्तंभ, तीनशें टनांहून अधिक वजनाचा एकच दगड, दुसऱ्या जागीं न्यावयाचा होता. दोमेनिको फोंताना ह्या स्थपतीनें आधीं त्याच दगडाच्या लहान तुकड्याचें वजन करून साऱ्या स्तंभाचें वजन काढलें, त्यावरून किती रहाट व किती दोर लागतील हें ठरविलें, आणि मगच स्तंभाभोंवतीं प्रचंड लांकडी मनोरा उभारला. ३० एप्रिल १५८६ रोजीं सुमारें ९०० माणसें, ७५ घोडे आणि ४० रहाट यांनीं तो दगड उचलला. त्याच वर्षीं १० सप्टेंबरला तो नव्या जागीं उभा राहिला. फोंतानानें पुढें ह्या कामावर आकृत्यांसह ग्रंथ छापला. जो मनोरा काम होतांच मोडून टाकावयाचा, त्याचीं चित्रें मात्र चारशें वर्षें टिकलीं आहेत.

सगळ्याच कामांवर फोंताना नसतो. आपल्याकडे परांची हें गवंड्याचें आणि त्याच्या मुकादमाचें ज्ञान. वेळू हातांत घेऊन, ठोकून, त्याचा आवाज ऐकून जुना माणूस सांगे कीं हा घ्यावा, तो टाकावा. ह्या ज्ञानाला हंसण्याचें कारण नाहीं. दोन-तीन मजल्यांच्या वाड्यांना तें पुरेसें होतें, कारण आजानें बांधली तशीच परांची नातू बांधी, आणि इमारतहि आजानें बांधली तेवढीच असे. उंची दुप्पट-चौपट झाली, लांकडाच्या जागीं लोखंड आलें, दगडाच्या जागीं काँक्रीट आलें, तेव्हां मात्र डोळ्याचा अंदाज मागें पडला. तो कां पडतो हें समजण्यास एक लहानसा प्रयोग पुरतो. हातभर लांबीचा बारीक बोरू टेबलावर उभा धरून वरून बोटानें दाबावा. तो चिरडत नाहीं. मध्येंच बांक धरून मोडतो. आतां त्याच बोरूला मध्यभागीं दुसऱ्या हाताचा आधार देऊन दाबावें. जोर कितीतरी अधिक लावावा लागतो. ऑयलर ह्या गणितज्ञानें १७४४ सालीं ह्याचा नियम गणितानें काढून दाखविला. सडपातळ खांबाची बिनआधाराची लांबी दुप्पट झाली तर त्याची भार पेलण्याची शक्ति निम्मी होत नाहीं, चौथाईवर येते. परांचीचा उभा नळ दर सहा फुटांवर आडव्या नळानें जखडला असेल आणि मधला एक आडवा नळ कोणी काढून घेतला, तर डोळ्यांना एक नळ कमी दिसतो; हिशेबानें त्या उभ्या नळाची तीन चतुर्थांश शक्ति गेलेली असते. गिलावा करणाऱ्याला आड येतो म्हणून काढलेला एक नळ, किंवा खिडकी बसवितांना सोडलेला भिंतीचा एक बांध, एवढ्यावर सारी उभारणी ढासळूं शकते ती ह्यामुळें.

लोखंडी नळांची परांची विलायतेंत विसाव्या शतकाच्या आरंभीं आली. डॅनियल पामर-जोन्स यांनीं दोर-साखळीऐवजीं लोखंडी बंदाची युक्ति काढली, आणि १९१३ सालीं बकिंगहॅम राजवाड्याच्या कामावर ती गाजली. पुढें नळ आणि शिकंजे सर्व जगभर पसरले. वेळू मोडण्यापूर्वीं कडकडतो आणि माणसाला सावध करतो. नळ बांक धरूं लागला कीं पुष्कळदां तेवढीहि सवड देत नाहीं.

येथें परांचीच्या दुसऱ्या कामाचा उल्लेख केला पाहिजे. ती नुसतें माणसाला धरीत नाहीं. काँक्रीटची स्लॅब ओततांना तिच्याच जातीचे टेकू ओल्या इमारतीलाहि धरून ठेवतात. ओलें काँक्रीट दर घनमीटरला सुमारें २४०० ते २५०० किलो भरतें. चार मीटर रुंद व पांच मीटर लांब अशा खोलीवर पंधरा सेंटिमीटर जाडीची स्लॅब टाकली कीं टेकूंवर साडेसात टनांच्या आसपास ओझें येतें, वर माणसें आणि यंत्रें वेगळींच. ह्या साडेसात टनांत स्वतःला पेलण्याची ताकद अद्याप मुळींच नसते.

इंग्लंडांत रेडिंग शहराजवळ लॉडन नदीवर पूल बांधीत असतां २४ ऑक्टोबर १९७२ रोजीं काँक्रीट ओतलें जात असतांनाच खालचा आधार कोसळला आणि तीन माणसें मेलीं. जगांत ह्याहून मोठे अपघात पुष्कळ झाले आहेत. ह्या अपघाताचें महत्त्व त्यानंतर जें झालें त्यांत आहे. सरकारनें प्रोफेसर ब्रॅग यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली आणि तिचा अंतिम अहवाल १९७५ त आला. पुलाचा आराखडा एकाचा, ठेका दुसऱ्याचा, आधाराचें सामान तिसऱ्याचें, तें उभारणारी टोळी चौथ्याची, आणि प्रत्येकाची समजूत अशी कीं आधाराचा हिशेब दुसऱ्यानें तपासला असेल: अशा कारभारांतला धोका समितीनें उघड केला. तिनें सुचविलेला मुख्य उपाय ऐकावयास अगदीं साधा वाटतो. प्रत्येक कामावर एक माणूस असा असावा कीं तात्पुरत्या उभारणीचा आराखडा झाला आहे, दुसऱ्या जाणत्यानें तो तपासला आहे, आणि जागेवर जें उभें आहे तें आराखड्याबरहुकूम आहे, ह्या तिन्ही गोष्टींची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या शिरावर राहील. त्यानें हो म्हटल्याखेरीज काँक्रीट पडूं नये आणि त्यानें हो म्हटल्याखेरीज टेकू सुटूं नयेत. १९८२ सालीं ब्रिटिश मानकांत ही रीत दाखल झाली. वेरूळच्या कारागिराच्या डोक्यांत जें आपोआप एकत्र होतें, तें येथें नेमणुकीच्या कागदानें पुन्हा एकत्र आणावें लागलें.

अमेरिकेंतला विलो आयलंड येथील प्रकार ह्याहून भयंकर होता. विजेच्या कारखान्यासाठीं पाणी थंड करण्याचा मनोरा तेथें चढत होता. परांची जमिनीपासून उभारलेली नव्हती. मनोऱ्याच्याच भिंतीला बोल्टांनीं अडकवून ती भिंतीबरोबर वर चढवीत असत. कल्पना चांगली, पण तिचा सारा भरंवसा खालच्या काँक्रीटवर. २७ एप्रिल १९७८ रोजीं आदल्या दिवशीं ओतलेल्या काँक्रीटवर परांचीचा भार होता. हवा थंड होती, काँक्रीट पुरतें आळलें नव्हतें, आणि त्याची ताकद पुरेशी आली आहे कीं नाहीं ह्याची परीक्षा झालेली नव्हती. वरचा थर सुटला, आणि मनोऱ्याच्या घेराभोंवतीं फिरत परांची उलगडत गेली. तिच्यावरचे ५१ कामगार मृत्युमुखीं पडले. चूक दिवसांच्या हिशेबांत होती.

आपल्याकडे नियम नव्हते असें नाहीं. परांची आणि शिड्या यांच्या सुरक्षिततेचें भारतीय मानक १९६६ सालीं निघालें व १९८७ त सुधारलें गेलें. लोखंडी नळांच्या परांचीचें मानक १९६७ चें, स्लॅबखालच्या टेकूंसंबंधींचें १९९९ चें. बांधकाम-कामगारांसाठीं संसदेनें १९९६ सालीं स्वतंत्र कायदा केला, १९९८ च्या केंद्रीय नियमांत परांचीसाठीं निराळें प्रकरण घातलें, महाराष्ट्राचे नियम २००७ त आले. पुढें २०२० च्या कामगार-सुरक्षा संहितेंत हा कायदा सामावून घेण्यांत आला. तरीहि २९ जुलै २०१६ रोजीं पुण्याच्या पश्चिम भागीं बालेवाडीस तेरा-चौदा मजल्यांच्या उंचीवर ओतली जात असलेली स्लॅब ढासळून नऊ कामगार दगावले. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्रीं येरवड्यास सळयांची जड जाळी कोसळून पांच गेले. १ ऑगस्ट २०२३ रोजीं शहापुराजवळ समृद्धि महामार्गाच्या पुलावर तुळया चढविण्याचें यंत्र कोसळून वीस गेले. आणि २४ ऑक्टोबर २०२४ रोजीं भोसरीस, देहूपासून कांहीं कोसांवर, मजुरांच्या वसाहतींतली पाण्याची टांकी फुटून पांच गेले. स्लॅब, जाळी, यंत्र, टांकी, नांवें निरनिराळीं. पुरी झालेली इमारत ह्यांत एकहि नाहीं. जें अर्धवट होतें किंवा काम होईतों वापरावयाचें होतें, तेंच कोसळलें आहे. कायमच्या इमारतीचे नकाशे महानगरपालिकेंत जातात, त्यांवर शिक्के बसतात. तात्पुरत्या गोष्टीचा नकाशा मागणारा मात्र विरळा.

देहूसारख्या ठिकाणीं हा नकाशा करणाऱ्याला कांहीं गोष्टी खास पाहाव्या लागतात. इंद्रायणीकांठची काळी माती पाणी मिळालें कीं फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. वैशाखांत तिच्यावर नळ उभा केला तर तो खडकावर उभा असल्यासारखा भासतो. आषाढांत, पालख्या गेल्यानंतर, तोच नळ बोटभर खचलेला असतो. चार नळांपैकीं एक खचला कीं त्याचें ओझें शेजारच्या तिघांवर जातें, आणि त्यांनीं तें पेलावें असा हिशेब कोणी केलेला नसतो. म्हणून नळाखालीं पत्र्याची बैठक, बैठकीखालीं रुंद फळी, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा तपासणी, एवढें तरी हवेंच. विटेच्या तुकड्यावर टेकविलेला नळ सर्वत्र दिसतो. वीट भार आल्यावर फुटते, आणि सावध करीत नाहीं. दुसरी गोष्ट हिरव्या जाळीची. धूळ व खडे रस्त्यावर पडूं नयेत म्हणून ती लावतात, आणि तें योग्यच आहे. पण जाळी लावली कीं वारा परांचीमधून पार न जातां तिला शिडासारखा ढकलतो. जाळीशिवाय जेवढे बांध भिंतीशीं पुरले असते तेवढे जाळीसह पुरत नाहींत. तिसरी गोष्ट माणसांच्या स्वभावाची. परांचीच्या फळ्या माणसांना उभे राहावयास असतात, पण तेथें जागा दिसली कीं विटांचा ढीग, सिमेंटच्या गोण्या, फरशांचे गठ्ठे येऊन बसतात. एका गाळ्यावर किती वजन चालेल हें मोठ्या अक्षरांत, मजुराला वाचतां येईल अशा भाषेंत, परांचीवरच लिहिलेलें असावें.

चाकणच्या मोठ्या कारखान्यांतून एक चांगली रीत रुळली आहे. परांचीच्या शिडीपाशीं चिठ्ठी टांगतात: हिरवी असेल तर चढावें, तांबडी असेल तर चढूं नये, खालीं तपासणाऱ्याची सही आणि तारीख. ज्याला अक्षर येत नाहीं त्यालाहि रंग कळतो. गृहबांधणीच्या लहान कामांवर ही चिठ्ठी फारशी पोंचलेली नाहीं, आणि मजुरांचा मोठा भाग तर तेथेंच आहे.

परांची उभी करण्याइतकेंच जोखमीचें काम ती सोडण्याचें. वरून खालीं, उभारल्याच्या नेमक्या उलट क्रमानें ती सोडावी लागते. भिंतीशीं असलेला बांध त्याच्या वरचें सारें उतरल्याखेरीज काढतां येत नाहीं. ठेका संपत आलेला असतो, सामान दुसऱ्या कामावर हवें असतें, आणि घाईत खालचे बांध आधीं सोडले जातात. उतरलेले नळ ट्रकवर फेकतांना वांकतात. मग ते ठोकून सरळ करतात, त्यांवर रंग मारतात, आणि पुढच्या कामावर ते नव्यासारखे उभे राहतात. ठोकून सरळ केलेल्या नळाला पहिली ताकद परत येत नसते. असा नळ ट्रकवर चढण्यापूर्वींच कापून भंगारांत टाकावा, आणि तो टाकल्याची नोंद त्याच माणसाच्या वहींत असावी, ज्याची सही परांचीच्या चिठ्ठीवर होती.